रोशा तेलाची इभ्रत

पावसाळा सरून माळावर उन्हे चढू लागली, की खानदेशात नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूस डोंगरउतारांवर वाढलेल्या एका उंच गवताला तुरे येतात, ते हळूहळू तांबूस होतात, आणि त्याचे पान चुरगळून नाकाशी धरले असता गुलाबाशी थेट नाते सांगणारा गंध येतो. हेच रोशा गवत. आयुर्वेदाच्या निघंटूंत ह्यालाच रोहिष म्हटले आहे. एके काळी ह्याचे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलपर्यंत रवाना होई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. आपल्या रानातील उत्तम जिन्नस परमुलखात भेसळीचे साधन ठरावा, ही त्याची पहिली विटंबना; आणि आज सर्वरोगहारक म्हणून त्याची जी जाहिरातबाजी चालते, ती दुसरी.

ह्या गंधाचे रहस्य रसायनशास्त्राने केव्हाच उलगडलेले आहे. उत्तम रोशा तेलात शेकडा ७५ ते ८५ भाग जिरॅनिऑल नावाचे द्रव्य असते, आणि तेच द्रव्य गुलाबाच्या अत्तरातही असल्यामुळे दोहोंचा वास इतका जवळचा भासतो. परंतु सर्व रोशा एक नव्हे. कोरड्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारावर वाढणारा तो ‘मोतिया’, आणि ओलसर, सखल जागी दाट माजणारा तो ‘सोफिया’. दिसावयास दोन्ही जवळजवळ सारखेच, पण सोफियात जिरॅनिऑल पुष्कळच कमी, आणि म्हणून त्याचा वास उग्र व मोल हलके. तेल काढण्यासाठी गवत भट्टीत पाण्याबरोबर उकळतात; जिरॅनिऑल स्वतः सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते, तरी वाफेच्या सोबतीने ते शंभर अंशांच्या आतच भट्टीबाहेर निघते. मात्र पाणी कमी पडून तळाचे गवत करपले, तर तेलाला जळका वास लागतो आणि साऱ्या हंगामाची मेहनत मातीमोल होते.

औषधी गुणांविषयी बोलताना संयम हवा. सांधेदुखीवर हे तेल दुसऱ्या तेलात मिसळून चोळण्याची चाल जुनी आहे; जिरॅनिऑल कित्येक जंतूंची व बुरशींची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे, आणि डासांना दूर ठेवण्याचा त्याचा गुणही सिद्ध आहे. परंतु काचेच्या बशीत जंतू मरणे आणि माणसाच्या देहातील व्याधी हटणे, ह्यांत महदंतर आहे. शिवाय हेच द्रव्य काहींच्या त्वचेला सोसत नाही, आणि म्हणून युरोपीय संघाने २००३ मध्ये, सौंदर्यप्रसाधनांवर ज्या २६ सुगंधी द्रव्यांचा नामनिर्देश सक्तीचा केला, त्यांत जिरॅनिऑलचा समावेश केला. निर्भेळ तेल थेट अंगास लावा किंवा पोटात घ्या, असा सल्ला देणारा विक्रेता वैद्य नव्हे.

तेव्हा ह्या तेलास गरज आहे ती स्तुतीची नव्हे, पारखीची. खोबरेलाची वा रॉकेलची भेसळ ओळखण्यास मोठे यंत्र लागत नाही: सत्तर टक्के मद्यार्काच्या तीन मापांत अस्सल तेलाचे एक माप स्वच्छ विरघळते, भेसळ असल्यास मिश्रण गढूळ होते. जिरॅनिऑलचे नेमके प्रमाण काढण्यास मात्र प्रयोगशाळा हवी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनौषधींसह गौण वनोपजावरील मालकी वनवासी समाजाला दिली आहे. परंतु मालाची प्रत ठरविण्याचा अधिकार व्यापाऱ्याच्याच हाती राहिला, तर ती मालकी केवळ दफ्तरापुरती उरते. प्रत्येक बाटलीवर मोतिया की सोफिया, कोणत्या तालुक्यातील आणि जिरॅनिऑल किती, एवढे तीनच तपशील सक्तीने छापले गेले, तर गवत कापणाऱ्यास रास्त भाव आणि घेणाऱ्यास खरा माल मिळेल. ग्राहकांनीही हे तपशील नसलेली बाटली, तिच्यावर औषधी गुणांची कितीही लांब यादी असो, दुकानदाराला परत करावी.