शाहीर समोर असतां

डफ-तुणतुण्याचा नाद आमच्या पालकवर्गापैकीं कित्येकांस अजून हलका वाटतो. मुलांस ते पेटीच्या वर्गास घालतील, पण पोवाड्यास धाडणार नाहींत! वस्तुतः मुंबईच्या गिरण्यांत आलेले कोंकण-घाटावरचे कामगार हेंच धन गांठीं बांधून आले. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें, तें या कष्टकऱ्यांसाठींच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या. भजनी मंडळें मात्र चाळींतून अद्यापि कोठें कोठें बसतात. ध्वनिमुद्रिकेंत शाहिराचा आवाज मिळतो. परंतु श्रोते चुळबुळूं लागलेले पाहून त्यानें कडवें आटोपणें, झीलकऱ्यांनीं ‘जी जी’ म्हणत त्यास दम घेऊं देणें, हें तींत कोठून येणार? आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एकदां तरी पुढच्या रांगेंत बसून पाहावें. पालकांनींही सोबत जावें. कार्यक्रमास रात्रीं फार उशीर होतो.