खोली कुणाची, केरसुणी कुणाची?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आहुपे, तिरपाड, हातवीज, आंबोलीकडच्या मुली पत्र्याची पेटी घेऊन घोडेगाव, मंचर, जुन्नरला उतरतात. घरी भाताच्या लावणीची गडबड असते. हिरड्याच्या हंगामात जमलेले थोडे पैसे गाठीला असतात. डोंगरातून रोज येणं-जाणं जमत नाही, म्हणून वसतिगृह. या मुलींच्या शिक्षणाचा खर्च काढताना आपण फी धरतो, पुस्तकं धरतो, एसटीचं भाडं धरतो. फिनेल धरतो का?

हसू नका, मैत्रिणींनो. चार मुलींच्या खोलीला काय काय लागतं ते एकदा मांडून बघा. केरसुणी, मोरीला खराटा, फरशीचं फडकं, बादली, फिनेल, संडासाचा ब्रश, कपड्यांचा साबण, पाळीचे पॅड टाकायला झाकणाचा डबा. त्यात आपल्याकडचा पावसाळा. भिंतींना ओल, गाद्यांना बुरशी, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले. हे सगळं सामान बहुतेक ठिकाणी मुलींच्या वर्गणीतून येतं. पैसे यायला उशीर झाला की आधी फिनेल बंद होतं, मग चांगले पॅड.

समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांत मुलींना निर्वाह भत्त्याबरोबर स्वच्छता प्रसाधनासाठी वेगळे पैसे मिळतात. अनेक वर्षं ते महिना शंभर रुपये होते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात वाढ मंजूर केली. चांगलं झालं. पण हे पैसे मुलीच्या स्वतःच्या गरजांसाठी आहेत. त्यातून जिन्याचा झाडू आणि सामाईक संडासाचा ब्रश आणायचा नाही. आपलं अंग, आपली खोली आणि सगळ्यांची इमारत, हे तीन हिशोब वेगळे आहेत. खोली मुलींनी पाळ्या लावून झाडावी, यात वाद नाही. इमारत स्वच्छ ठेवणं हे इमारत चालवणाऱ्याचं काम आहे.

आणि नुसते पैसे दिले की काम संपतं असंही नाही. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या खानावळीऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैशाची भाजी व्हायला आणि भाजीनंतरची भांडी घासायला कुणाचा तरी वेळ जातो, हे त्यांना कळत होतं.

हा वेळ कुणाचा जातो? मी जाते त्यातल्या एका वसतिगृहात पाहुणे येणार म्हणून मुलींनी परीक्षेच्या आदल्या दिवशी जिने धुतले. त्याच संस्थेच्या मुलांच्या वसतिगृहात मात्र पैसे देऊन माणूस बोलावला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलींना काय, सवयच असते. पुढे सासरी उपयोगी पडेल." खोली विस्कटलेली दिसली की मुलीला "हेच वळण लावलं का आईनं?" असं ऐकावं लागतं. मुलाची खोली विस्कटलेली असली तर तो अभ्यासात बुडालेला असतो!

देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं दिसलं, पुरुषांची ९७. वसतिगृह ही खरं तर ही सवय मोडायची जागा. आणि मुलांना हे जमत नाही, असं कुणी सांगू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहून आपली कामं आपण करत. (त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हेही लक्षात ठेवू.)

आणखी एक धोका. संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून कुठे कुठे मुलींच्या हाती ॲसिडची बाटली दिली जाते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. बायकांवरच्या हल्ल्यांमुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ज्या ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली, तेच ॲसिड आपण शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्यायचं का?

"मग सफाईला बाई ठेवा," असं म्हणणं सोपं आहे. ती बाई बहुतेक वेळा कुठल्या वस्तीतून येते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिलाही हातमोजे, गमबूट, किमान वेतन आणि सुट्टी मिळालीच पाहिजे. मुलींची सुटका तिच्या पाठीवर नको.

तेव्हा येत्या पालकसभेत, ग्रामसभेत, कॉलेजच्या महिला कक्षात चार गोष्टी मागू या. सफाईच्या सामानाची दरमहा यादी फलकावर लागावी आणि खर्च संस्थेने करावा. संडासांत पाणी आणि झाकणाचे डबे असावेत. परीक्षेच्या आठवड्यात मुलींना सामाईक कामं लावू नयेत. आणि मुलींच्या वसतिगृहात जे नियम, तेच मुलांच्याही.

तुमच्या गावची मुलगी सुट्टीला घरी आली की तिला मार्कांबरोबर एवढंही विचारा: तुमच्याकडे फिनेल कोण आणतं?