बाईच्या वाट्याचा रविवार

आमचं मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे. शनिवार उजाडला की गावातून गाड्यांची रीघ लागते. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडची माणसं आंब्याला निघालेली असतात. घाटमाथ्यावर झाडीत बंगले झालेत, ते भाड्यानं घ्यायचे आणि दोन-चार दिवस राहायचं. बाजारात भाजी घेताना आम्ही बायका त्या गाड्यांकडं बघतो आणि एकमेकींना विचारतो, "काय करतात गं ही माणसं तिथं?"

खरं उत्तर आहे, काही नाही. उशिरा उठतात, चहा पितात, धुकं बघतात, परत जातात. आणि नेमकं हेच आपल्याला पटत नाही. पैसे खर्च करून, घर सोडून, इतक्या लांब जाऊन काहीच करायचं नाही?

जगात मात्र याची मोठी रीत आहे. वेस्ट इंडिजची बेटं आपल्याला क्रिकेटमुळं ठाऊक. त्या बार्बाडोस, अँटिग्वा, जमैकात समुद्राकाठचे बंगले आठवड्याच्या बोलीनं भाड्यानं मिळतात. थंडीच्या दिवसांत अमेरिका-इंग्लंडची नवरा-बायको तिथं येतात आणि आठ दिवस नुसती पडून राहतात. पुस्तक वाचतात, समुद्रात डुंबतात, संध्याकाळी ओट्यावर बसतात. "आम्ही तिथं काहीच केलं नाही" हे ती कौतुकानं सांगतात. आपल्याकडं एखादी बाई असं म्हणाली तर लोक तिच्या सासूकडं दयेनं बघतील.

बचत गटाच्या कामानिमित्त मी आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरते. एका बैठकीत हिशेब लवकर आटोपला, तेव्हा मी सहज विचारलं, "बायांनो, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" आधी सगळ्या हसल्या. मग एकजण म्हणाली, "धाकट्याच्या बाळंतपणाला म्हायेरी गेलते, तवा." तो धाकटा आता कॉलेजात आहे. दुसरी म्हणाली, "वैनी, पिशवीचं आपरेशन झालं न्हवं का, तवा आठ दिस दवाखान्यात निजले. कुणी उठीव म्हणून म्हटलं न्हाई. तेवढीच काय ती सुट्टी." आणि यावर कुणी हसलं नाही. चौदा जणींच्या त्या गटात आजारपण, बाळंतपण आणि मयत सोडून घराबाहेर चार रात्री राहिलेली एकही बाई नव्हती. देवाला गेलेल्या मात्र सगळ्या होत्या.

देव हा आपल्या बायकांचा मोठा आधार आहे, आणि तो भक्तीपुरता नाही. पंढरपूर, नरसोबाची वाडी, आदमापूर, तिरुपती. देवाचं नाव घेतलं की बाईला घरातून निघता येतं, कुणी आडवं येत नाही. पण तिथंही ती काय करते? निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत दशम्या भाजते, धपाटी करते, शेंगदाण्याची चटणी कुटते, सगळ्यांच्या पिशव्या भरते. गाडीत कुणाला उलटी झाली तर तीच उठते. धर्मशाळेत पोचल्यावर आधी बादली शोधते आणि कपडे धुते. परत आल्यावर घराचा उकिरडा झालेला असतो, तो उपसते. याला यात्रा म्हणा, पुण्य म्हणा. विश्रांती मात्र म्हणू नका.

गंमत अशी की आपण आज जी रविवारची सुट्टी घेतो, तीसुद्धा देवाचं नाव घेऊनच मिळाली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढं केलं. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० पासून गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या. पुढं १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याची सुट्टी तर दिलीच, शिवाय वर्षात पुरेसे दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागं एक दिवसाची भरपगारी रजाही दिली. त्याच वर्षी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा आला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हटला आहे.

प्रत्येक माणसाचा! मग आता आपल्या घरातला रविवार आठवा. सकाळी पोहे किंवा उप्पीट. त्यानंतर मटण येतं, म्हणजे वाटण आलं, तांबडा आला, पांढरा आला. दुपारी कुणीतरी पाहुणा टपकतो. आठवड्याचे राहिलेले कपडे, जळमटं, दळण. कोल्हापूर भागातल्या बाईला सोमवार बरा वाटतो, कारण सोमवारी माणसं आपापल्या कामाला जातात. रविवार गिरणीला मिळाला, कचेरीला मिळाला, शाळेला मिळाला. चुलीपर्यंत तो अजून आलेलाच नाही.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड. यात मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं. कारखान्याचाच नियम लावला तर वर्षाला अठरा दिवस रजा होते. बावीस वर्षांच्या संसाराचे जवळजवळ चारशे दिवस. यातले कुणी किती दिले, आणि आपण तरी किती मागितले?

मी आठ दिवस मागितले. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही दोघं देवबागला जाऊन राहिलो. मालवणच्या पुढं तारकर्ली आणि तिच्या पुढं देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांत घरं. त्यातलंच एक दोन खोल्यांचं घर आम्ही भाड्यानं घेतलं. दिवसाला अठराशे रुपये. घरात गॅस होता, भांडी होती. हे म्हणाले, "अगं, बरं झालं. चहा-भात आपला आपण करू." मी म्हटलं, "आपण म्हणजे कोण?" ते हसले, पण मुद्दा त्यांना कळला. जेवण शेजारच्या घरमालकीणबाईंकडं सांगितलं आणि चहा ह्यांच्याकडं आला.

पहिले दोन दिवस मी अस्वस्थ होते, हे सांगायला हवं. पाच वाजता डोळे उघडायचे आणि हात कामाला शिवशिवायचे. घरमालकीणबाईंच्या चुलीवर घावणे होत होते आणि मी दारात जाऊन विचारत होते, "खोबरं खवून देऊ का?" हे दर तासाला दुकानात फोन लावायचे. विश्रांतीचीही सवय लागते आणि आम्हा दोघांनाही ती नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. गावकरी दोन रांगा करून दोर खेचत होते, तर हेही जाऊन त्यात लागले आणि दमून येऊन वाळूत बसले. त्या दिवशी फोन झाला नाही. संध्याकाळी नदीच्या काठी बसून आम्ही बोललो. मुलाच्या फीबद्दल नाही, दिराच्या वाटणीबद्दल नाही. ह्यांना लग्नाआधी मुंबईत नोकरी लागली होती आणि वडिलांनी जाऊ दिलं नाही, हे मला बावीस वर्षांनी कळलं. मला एम. ए. करायचं होतं, हे त्यांना माहीत होतं. पण मी ते अजून विसरलेली नाही, हे माहीत नव्हतं.

म्हणून मी म्हणते, की हे फक्त बाईच्या दमण्यापुरतं नाही. हल्ली बायका-बायकांच्या सहली निघतात. चांगली गोष्ट आहे, मीही जाते. पण त्या इतक्या का आवडतात याचा विचार करा. नवरा बरोबर असला की स्वयंपाकघर बरोबर येतं. "माझा टॉवेल कुठाय" हा प्रश्न बरोबर येतो. म्हणून बाईला सुट्टी हवी तर नवऱ्याला मागं ठेवावं लागतं! मग ती दोघं एकमेकांना भेटणार कधी? आपल्या भागातल्या कितीतरी घरांत नवरा मुंबईला, बायको गावाकडं. ते दोघं भेटतात गणपतीत आणि लग्नसराईत, तेही वीस माणसांच्या गर्दीत. जी एका छपराखाली आहेत, त्यांचं तरी काय वेगळं? उद्या मुलं शिकायला गेली, लेक सासरी गेली, की घरात दोघंच उरतात आणि दोघांकडं बोलायला फक्त लाईटबिल असतं. मग टीव्हीचा आवाज वाढतो. तेव्हा बोलायला शिकायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो.

आता त्या घरमालकीणबाईंचं सांगते, कारण त्यांना वगळून मी सुट्टीचं गुणगान केलं तर ते अर्धवट होईल. मी माडाखाली बसले होते तेव्हा त्या माझ्यासाठी बांगडे साफ करत होत्या. माझी सुट्टी हा त्यांच्या कामाचा दिवस. मला ते सलत होतं आणि मी त्यांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तसा कित्याक म्हणतास? घरात करतंय ता फुकट, हयसर पैशे गावतत." सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर तिथल्या कितीतरी घरांतल्या बायकांच्या हातात असा स्वतःचा पैसा आला. राज्य सरकारनं २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत देण्याची सोय आहे. आंबा परिसरातल्या आमच्या गटांनी हे जरूर बघावं. सुट्टी घेणारी बाई वाढली तर सुट्टीवर पोट असलेली बाईही वाढेल. फक्त एक करा. तिच्याशी पैशाची घासाघीस करू नका आणि ताट उचलून ठेवा. त्या बाईंना मी विचारलं, "तुम्ही कुठं जाता?" म्हणाल्या, पावसात पाहुणे नसतात, तेव्हा अंबाबाईला कोल्हापूरला यायचं मनात आहे. त्यांनाही निघायला देवीच लागणार होती! मी म्हटलं, दर्शन झालं की मलकापूरला या, चार दिवस माझ्या हातचं खा.

"पण वहिनी, पैसे कुठनं आणायचे?" हा प्रश्न मला लगेच येतो. आमचे भाडं, जेवण, एस.टी. सगळं मिळून एकवीस हजार गेले. माझ्या भिशीचे त्यात निम्मे होते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे, तेवढा हातभार. ज्यांना एकवीस हजार जड आहेत त्यांनी तीन दिवस जावं, जवळ जावं. पण मुलाच्या वाढदिवसाला हॉल घेताना, पाहुण्यांच्या लग्नात मानापानाच्या साड्या वाटताना आपण हा प्रश्न विचारत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे, तिथल्या बाईला निदान आठवड्यातली एक दुपार तरी पाठ टेकता यावी, एवढं तर बिनपैशाचं आहे.

दुसरा प्रश्न घरच्या म्हाताऱ्या माणसांचा. तो खरा आहे आणि टाळून चालणार नाही. आमच्याकडं नणंदबाई येऊन सासूबाईंजवळ राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या सासऱ्यांजवळ मी आठ दिवस राहिले आणि ती दोघं गेली. जावा-नणंदांनी असा पैरा करावा. शेतात माणसाला माणूस देतो, तसाच. दुकान धाकट्या दिरांनी बघितलं. गिऱ्हाईक कुठंही गेलं नाही.

तिसरा प्रश्न, लोक काय म्हणतील. लोक म्हणाले. "या वयात हनिमून होय!" असं एकजण दारातून म्हणाली. मी म्हटलं, "व्हय, या वयातच. त्या वयात सवड कुणाला होती?" पुढच्या आठवड्यात तीच घर कुठलं, भाडं किती, विचारून गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, आज एक काम करा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. त्यात दुधाचे खाडे आहेत, गॅस कधी लावला ते आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, सासऱ्यांची तिथी आहे. त्यातच सुगी संपल्यानंतरचे आठ दिवस शोधून त्यांच्याभोवती पेनानं गोल करा. पेन्सिलीनं नको, खोडलं जातं. आणि संध्याकाळी ह्यांना चहा देताना सांगा, "या तारखांना आपण दोघं घरी नाही. तिथं चहा तुमच्याकडं."