पसारा आणि आजार

फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीट्स फायनल इयरला कॉटखाली सापडल्या, की होस्टेलवर त्या माणसाचं नाव 'भंगारवाला' पडतं. बहुतेक जण नुसते आळशी असतात, मान्य. आईवडील भेटायला येणार म्हटलं की त्यांची खोली तासाभरात चकाचक होते! पण एखाद्याला वस्तू टाकताच येत नाही. जुनी झेरॉक्स असो की जळकी मोटर, 'टाक' म्हटलं की त्याच्या जिवाची घालमेल होते. कॉटवर सामान, हा जमिनीवर. आणि दाराच्या आत कुणाला घेत नाही. हा साठवणुकीचा विकार, म्हणजे होर्डिंग डिसऑर्डर. २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, त्याआधी तो ओसीडीच्या पोटातच धरला जायचा. बऱ्याचदा सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयातच होते, त्रास वाढत जातो तो पुढे.

न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट टोकाची आहे, पण सांगण्यासारखी आहे. धाकटा लँगली स्वतःला इंजिनीअर म्हणवायचा (आपल्यातलाच म्हणा ना!). थोरल्या होमरची दृष्टी गेली. ती परत आली की त्याला वाचता यावीत म्हणून लँगलीने वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं रचून ठेवली. १९४७ मध्ये दोघेही त्याच घरात मेलेले सापडले. लँगली स्वतःच रचलेल्या ढिगाऱ्याखाली. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. त्या वर्तमानपत्रांमागे भावावरची माया होती, हे विसरून कसं चालेल?

म्हणूनच सुट्टीत खोली उघडून सगळं भंगारात घालणं मला पटत नाही. खोली महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरते, विश्वास मात्र कायमचा जातो. यावर खरा उपाय म्हणजे सीबीटी नावाची समुपदेशन पद्धत: वस्तू एकेक हातात घ्यायची, ठेवायची की टाकायची ते त्यानेच ठरवायचं, टाकल्यावरची अस्वस्थता हळूहळू ओसरते हे अनुभवायचं, आणि नवीन आणण्यावर लगाम घालायचा. याला महिने लागतात. खास या आजारावरची गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध मिळतं.

दार आणि स्विचबोर्डजवळची जागा मात्र मोकळी हवीच, तिथे आगीचा प्रश्न आहे आणि रूममेटचाही. रेक्टर सरांनी तेवढं आजच सक्तीने करावं. बाकीच्यासाठी त्याला वेळ द्यावा, समुपदेशकाकडे सोबत जावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. रूम चेकिंगच्या नोटिशीखाली तोही छापला तर जागा कितीशी लागते?