शब्द राहिला, नाव गेले

पेढीचे नाव ही खतावणीत न दिसणारी मालमत्ता असते. भाऊ विभक्त होतात तेव्हा गाळे, गोदामे आणि येणी-देणी यांची वाटणी चार बैठकांत उरकते. दुकानाच्या फलकावरचे नाव पुढे कोणी लावावयाचे, हा प्रश्न मात्र पुढील पिढीपर्यंत रेंगाळतो. अमेरिकेतील चित्रकथांच्या व्यवसायात असेच एक नाव आठ दशकांहून अधिक काळ रेंगाळले आहे. ते ज्या नायकाचे नाव होते, त्याचे सारे सामर्थ्य एका शब्दाच्या उच्चारात साठवलेले असावे, हा योगायोगही मोठा विलक्षण आहे.

जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि दहा सेंटला विकली जाणारी चित्रकथांची मासिके हा एकाएकी किफायतीचा धंदा ठरला. पाहता पाहता इतर प्रकाशकही त्या बाजारात उतरले. फॉसेट पब्लिकेशन्स ही त्यांपैकी एक संस्था. तिचे संस्थापक विल्फर्ड फॉसेट पहिल्या महायुद्धातून परतलेले गृहस्थ. ‘कॅप्टन बिली’ या नावाने त्यांनी १९१९ साली चावट विनोदांचे एक मासिक काढले व त्यावर पुढचा डोलारा उभारला. नव्या मासिकासाठी नायक निर्माण करण्याचे काम लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांच्याकडे आले. पार्कर यांची मूळ कल्पना सहा नायकांच्या पथकाची होती, प्रत्येकापाशी एकेक दैवी गुण. वरिष्ठांनी सुचविले की सहांचे गुण एकातच घाला. नायकाचे पहिले नाव ‘कॅप्टन थंडर’ असे ठरले होते. ते नाव हक्काने घेता येईना, म्हणून ‘कॅप्टन मार्व्हलस’ आणि त्याचेच आखूड रूप ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव पक्के झाले. म्हणजे नावाचा तंटा या नायकाच्या जन्मापूर्वीच सुरू झाला होता. मालकाच्या टोपणनावावरून नायकातील मुलाला ‘बिली’ म्हटले गेले आणि मासिकाला ‘व्हिझ कॉमिक्स’. विक्रीस आलेल्या पहिल्या अंकावर फेब्रुवारी १९४० हा महिना आणि २ हा क्रमांक छापलेला आहे.

कथा अशी. बिली बॅटसन हा अनाथ मुलगा वर्तमानपत्रे विकतो आणि रात्री भुयारी रेल्वेच्या स्थानकात झोपतो. एके रात्री अंधारातून आलेला एक अनोळखी मनुष्य त्याला खाली नेतो. एक चमत्कारिक गाडी त्यांना घेऊन जाते आणि ते एका प्राचीन दालनात पोहोचतात. तेथे सात मूर्ती ओळीने उभ्या आहेत: गर्व, मत्सर, लोभ, द्वेष, स्वार्थ, आळस आणि अन्याय, हे मनुष्याचे सात शत्रू. सिंहासनावर एक वृद्ध जादूगार बसलेला असून त्याच्या मस्तकावर प्रचंड शिळा लोंबकळत आहे. आपले कार्य संपले, आता ते तू चालव, असे तो त्या मुलाला सांगतो आणि एक शब्द उच्चारावयास लावतो: ‘शझॅम’. वीज कोसळते, आणि मुलाच्या जागी लाल पोशाखातील, छातीवर पिवळी वीज मिरविणारा धिप्पाड पुरुष उभा राहतो. तोच शब्द पुन्हा उच्चारला की पुरुष जातो, मुलगा परततो. शिळा त्या वृद्धावर पडते.

सॉलोमनचे शहाणपण, हर्क्युलिसचे बळ, अ‍ॅटलसची सोशिकता, झ्यूसची शक्ती, अ‍ॅकिलीसचे धैर्य आणि मर्क्युरीची चपळता. या सहा नावांची रोमन लिपीतील आद्याक्षरे जुळविली की तो शब्द तयार होतो. जैन वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. अरिहंत, अशरीरी म्हणजे सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि मुनी या पंचपरमेष्ठींच्या आद्याक्षरांच्या संधीतून ओंकार सिद्ध होतो, असे आपल्या परंपरेत सांगितले आहे. साम्य मात्र एवढेच. परमेष्ठींचे स्मरण करणारा काही मागत नाही. बिली शब्द उच्चारतो तो सामर्थ्य मिळावे म्हणूनच. आणि आपल्या चार कषायांपैकी मान व लोभ हे दोघे त्या सात मूर्तींमध्ये भेटतात, हेही नोंदवावयास हरकत नाही.

या कल्पनेचे खरे मोल बालवाचकांनी तत्काळ ओळखले. सुपरमॅन दुबळेपणाचे सोंग घेतो. मुळात तो बलवानच असतो. बिली खरोखरच दुबळा, निराधार आणि लहान आहे. एप्रिल १९४० मध्ये बॅटमनच्या जोडीला रॉबिन हा मुलगा देण्यात आला, परंतु तो सहायक. येथे मुलगा स्वतःच नायक होता, आणि मोठे होण्यासाठी त्याला वर्षानुवर्षे थांबावे लागत नव्हते. बेक यांची स्वच्छ, गोल, अनावश्यक रेघ नसलेली चित्रशैली या कथांना मानवली. पुढे ओटो बाइंडर हे मुख्य लेखक झाले आणि कथांत एक मिस्कील भोळेपणा आला. जगाला वेठीस धरणारा महादुष्ट अनेक प्रकरणांनंतर समोर येतो तो चष्मा लावणारा इवलासा किडा असतो. बोलू शकणारा एक वाघ कोट घालून सभ्य समाजात राहू पाहतो. त्या काळाचा एक डागही या पानांवर होता. स्टीमबोट नावाचे कृष्णवर्णीय पात्र अत्यंत उपहासाने रेखाटले जात असे. न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांनी त्याविरुद्ध निषेध नोंदविला आणि १९४५ साली ते पात्र वगळण्यात आले. वाचक लहान होते. त्यांची न्यायबुद्धी मात्र संपादकांच्या पुढे होती.

डिसेंबर १९४१ च्या अंकात या परिवारात दुसरा किशोर आला, आणि रसिकांच्या दृष्टीने तो अधिक हृद्य आहे. फ्रेडी फ्रीमन आजोबांबरोबर असताना कॅप्टन नाझी या खलनायकाच्या तावडीत सापडतो. आजोबा मारले जातात, फ्रेडी मरणासन्न होतो. कॅप्टन मार्व्हल त्याला जादूगाराकडे नेतो, आणि स्वतःच्या शक्तीचा काही अंश त्याला देतो. फ्रेडीचा मंत्र म्हणून ‘शझॅम’ नाही, ‘कॅप्टन मार्व्हल’ हा आहे. कारण शक्ती ज्याच्याकडून आली, त्याचेच नाव घ्यावयाचे. मंत्र म्हटल्यावर बिलीप्रमाणे तो प्रौढ होत नाही, निळ्या पोशाखातील किशोरच राहतो. मूळ रूपात परतला की पुन्हा एक पाय अधू, बगलेत कुबडी आणि हातात विक्रीची वर्तमानपत्रे. मॅक रॅबॉय यांनी काढलेली त्याची चित्रे नाजूक आणि काहीशी उदास आहेत. त्याची एक अडचण लेखकांनी विनोदाने वापरली: त्याचे नाव ‘कॅप्टन मार्व्हल ज्युनियर’. ते उच्चारता उच्चारताच त्याचे रूप पालटावयाचे, म्हणून स्वतःचा परिचय करून देणेही त्याला शक्य नव्हते. वर्षभराने, डिसेंबर १९४२ मध्ये, बिलीची जुळी बहीण मेरी मार्व्हल आली. एका नावाची तीन दुकाने झाली.

धंदा किती मोठा होता? कॅप्टन मार्व्हलच्या मुख्य मासिकाच्या १९४४ या एका वर्षात सुमारे १ कोटी ४० लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. त्या दशकात तो अनेकदा सुपरमॅनच्या पुढे होता. १९४१ साली त्याच्यावर बारा भागांची चित्रपटमालिकाही निघाली. ज्याचा माल आपल्यापेक्षा अधिक खपतो त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाण्यास फार वेळ लागत नाही.

सुपरमॅनचे प्रकाशक नॅशनल यांनी दावा केला की कॅप्टन मार्व्हल ही त्यांच्या नायकाची नक्कल आहे. तंटा १९४१ पासून धुमसत होता. प्रत्यक्ष सुनावणी १९४८ मध्ये झाली. १९५० च्या निकालात न्यायाधीशांनी नक्कल झाल्याचे मान्य केले, तरी दावा फॉसेटच्या बाजूने सुटला. कारण वाचण्यासारखे आहे. तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनावर स्वामित्वहक्काची सूचना छापणे बंधनकारक होते. सुपरमॅनच्या चित्रपट्ट्या ज्या मॅक्क्ल्युअर संस्थेमार्फत वर्तमानपत्रांत जात, तिने अनेक पट्ट्यांवर ती नीट छापलीच नव्हती. सबब नॅशनलने हक्क सोडून दिला असे धरले गेले. एका ओळीच्या हयगयीपायी केवढी मालमत्ता पणाला लागते, हे ज्यांनी गहाणखते तपासली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको. अपिलात १९५१ साली विख्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी हा निष्कर्ष फिरविला: काही पट्ट्यांचा हक्क गेला असला तरी संपूर्ण हक्क सोडला असे म्हणता येत नाही; कोणत्या कथांची नक्कल झाली ते खालच्या न्यायालयाने तपासून ठरवावे.

ते ठरविण्याची वेळ आलीच नाही. महानायकांच्या मासिकांचा खप युद्धानंतर उतरला होता, खटल्याचा खर्च चढत होता. फॉसेटने १९५३ साली ४ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि हा नायक पुन्हा न छापण्याचे मान्य केले. हिशेबाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा नव्हता. उतरत्या मालासाठी कोर्टाच्या पायऱ्या किती चढावयाच्या? परंतु खऱ्या वादाचा निवाडा राहून गेला. अंगरखा, उड्डाण, अफाट बळ यांत सुपरमॅनची छाया आहे, हे नाकारता येत नाही. अनाथ मुलगा आणि त्याचा शब्द ही मात्र फॉसेटचीच मिळकत होती. बाइंडर पुढे नॅशनलकडे लिहू लागले आणि १९५९ साली सुपरमॅनच्या किशोरवयीन चुलत बहिणीच्या, सुपरगर्लच्या, निर्मितीत त्यांचा हात होता. मेरी मार्व्हलच्या वाचकांना ती ओळखीची वाटली असल्यास नवल नाही.

इंग्लंडमध्ये याचा एक गमतीदार परिणाम झाला. तेथे एल. मिलर अँड सन हे या कथांचे पुनर्मुद्रण करीत. मूळ माल थांबताच मिक अँग्लो यांनी १९५४ साली त्यांच्यासाठी ‘मार्व्हलमन’ उभा केला: मुलगा तोच, वीज तीच, फक्त शब्द निराळा, ‘किमोटा’. ‘अटॉमिक’ हा शब्द उच्चाराप्रमाणे उलटा वाचावा.

अमेरिकेत नाव बेवारस पडले होते. वापर थांबला की व्यापारचिन्हावरचा हक्क क्षीण होतो, हे तत्त्व आपल्याकडेही आहे. १९६६ मध्ये दुसऱ्याच एका प्रकाशकाने त्या नावाचा एक निराळा नायक काढून पाहिला. १९६७ मध्ये मार्व्हल कॉमिक्सने ‘कॅप्टन मार्व्हल’ नावाचा परग्रहवासी योद्धा आणला आणि नाव आपलेसे केले. त्यानंतर ते नाव त्यांनी आजतागायत सोडलेले नाही. २०१२ पासून कॅरल डॅन्व्हर्स ही नायिका ते धारण करते. इकडे नॅशनलने, म्हणजेच आजच्या डीसीने, १९७२ साली फॉसेटकडूनच परवाना घेऊन जुन्या नायकाला बाहेर काढले. ज्यांनी त्याला बंद पाडले, त्यांनीच त्याला पुन्हा दुकानात मांडले. पण नाव फलकावर लावता येईना. म्हणून १९७३ मधील नव्या मासिकाचे नाव ‘शझॅम’ ठेवले गेले. ‘मूळ कॅप्टन मार्व्हल’ अशी ओळ काही अंकांवर छापली, तीही पुढे काढावी लागली. वृद्धत्वाकडे झुकलेले बेक चित्रे काढण्यास परतले. कथा पसंत न पडल्याने थोड्याच अंकांनंतर ते निघून गेले.

मधल्या काळात नायकाच्या अंतरंगात एक बदल झाला. जुन्या कथांत बिली आणि कॅप्टन मार्व्हल या जवळजवळ दोन व्यक्ती होत्या. १९८७ च्या रॉय थॉमस यांच्या कथेपासून शरीर प्रौढाचे झाले तरी मन मुलाचेच राहू लागले. उतावीळ, भित्रा, स्वतःच्या शक्तीने भांबावलेला मुलगा आतून बोलू लागला. आजच्या वाचकाला परिचित असलेला नायक हाच. २०१२ च्या नव्या मांडणीत बिली अनाथांना सांभाळणाऱ्या एका कुटुंबात येतो. कुढा, अविश्वासू, फटकून वागणारा. फ्रेडी आणि मेरी तेथे त्याची मानलेली भावंडे आहेत, आणि शेवटी तो आपली शक्ती भावंडांमध्ये वाटून घेतो. त्याच वेळी डीसीने नावाचा हट्ट सोडला: यापुढे नायकाचे नावही ‘शझॅम’. फ्रेडीची जुनी अडचण आता बिलीच्या वाट्याला आली.

२०१९ साली दोन्ही वारसांचे चित्रपट एकापाठोपाठ लागले. मार्चमध्ये मार्व्हलचा ‘कॅप्टन मार्व्हल’, एप्रिलमध्ये ‘शझॅम’. दुसऱ्या चित्रपटात लाल पोशाखातील मुलाला स्वतःला काय म्हणवून घ्यावे हेच कळत नाही आणि प्रत्येक जण त्याला नवे नाव सुचवितो. प्रेक्षागृहात मुले त्यावर मनमुराद हसतात. २०२३ मध्ये मार्क वेड आणि चित्रकार डॅन मोरा यांनी सुरू केलेल्या मासिकात या प्रश्नावर तोडगा निघाला. त्यात त्याला नुसते ‘कॅप्टन’ म्हणतात.