आधी तो फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा

लग्नाच्या स्टेजवर नवरीच्या थेट तोंडावर फ्लॅश मारायचा आणि मग कॉम्प्युटरवर बसून तिला दोन छटा गोरी करायची, ही दोन्ही कामं एकाच आळसातून होतात. प्रकाश कुठून टाकायचा हे ज्याला शिकायचं नसतं, तो चेहऱ्याचा रंगच पुसून मोकळा होतो. आणि अशा माणसाला आपण वर भरभक्कम पैसे मोजतो.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या हॉटशूवर बसवलेला फ्लॅश लेन्सच्याच दिशेनं प्रकाश फेकतो. सावल्या डोक्यामागे जाऊन पडतात. गाल, नाक, हनुवटी सगळं एका पातळीत येतं. सावळ्या चेहऱ्याचं तर यात वाटोळंच होतं. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे, बाकी चेहरा मातकट. वर ऐकवायचं, "रंगच तसा आहे, आम्ही काय करणार?" हे धादांत खोटं आहे. तोच फ्लॅश स्टँडवर चढवा, पुढे पांढरी अंब्रेला लावा, माणसाच्या एका बाजूला, डोळ्यांच्या जरा वर आणि अगदी जवळ आणा, इतका जवळ की फ्रेमच्या कडेला अंब्रेला घुसेल की काय अशी भीती वाटावी. आता गालाच्या हाडावर रुंद, मऊ चकाकी येते आणि विरत विरत जबड्याच्या सावलीत मिसळते. नथीतल्या मोत्यांची बारीकशी सावली ओठाच्या वर पडते. त्वचेतला तांबूसपणा, डोळ्याखालचा गडद तपकिरी भाग, मानेवरचा घाम, सगळं वेगवेगळं दिसतं. प्रकाश वाढवलेला नाही. त्याची दिशा बदलली आणि त्याचा उगम मोठा केला, एवढंच.

अंब्रेलाऐवजी सॉफ्टबॉक्स घेऊन तो बारा फुटांवर उभा करून "सॉफ्ट लाइट आहे" असं सांगणारे मी पाहिले आहेत. तेवढ्या लांबून त्याचा आकार चेहऱ्याच्या हिशेबात टीचभर उरतो आणि सावल्या परत कडक होतात. साध्या भूमितीची ही गोष्ट क्लासमध्ये सांगत नाहीत, कारण तिथे सॉफ्टबॉक्स विकायचा असतो.

सावळे चेहरे बिघडायला पूर्वी सबब तरी होती. कोडॅक कित्येक वर्षं प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी कार्डं देई, त्यांवर गोऱ्या बाईचा चेहरा असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ती ओळखली जात. फिल्मचे रंग त्या त्वचेला धरून जुळवलेले, त्यामुळे काळीसावळी माणसं त्यात काळवंडत. आजच्या सेन्सरवर ते खापर फोडता येत नाही. आणि साधनं नव्हती म्हणावं, तर सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी 1956 च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घरावर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून येणाऱ्या मऊ उजेडात चित्रण केलं. आज तेच काम करणारी थर्मोकोलची एक शीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

शिकवणाऱ्यांवर माझा राग सगळ्यात जास्त आहे. "फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे ऑटोवर ठेवा, कॅमेरा बघून घेईल." कॅमेरा काय बघतो? समोरून किती प्रकाश परत आला, तेवढंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी चंद्रकळा नेसलेली बाई फ्रेमभर आली, की तो काळ्या कापडाला अंधार समजतो, फ्लॅश जास्त टाकतो आणि तिचा चेहरा फटफटीत होतो. पांढऱ्या सदऱ्यातला सावळा नवरदेव त्याच न्यायानं अंधारात जातो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी फ्लॅश मॅन्युअलवर टाकायला लावते, आणि बंदही ठेवायला लावते. आयएसओ 100, शटर 1/200, अॅपर्चर 5.6. खोलीत फोटो काढा. जवळजवळ काळा येतो. तो काळाच यायला हवा, कारण आता त्या फ्रेममध्ये जे दिसेल ते तुमच्या फ्लॅशनं दाखवलेलं असेल. मग फ्लॅश 1/8 पॉवरवर. कमी पडला तर 1/4, म्हणजे बरोबर दुप्पट. शटर 1/15 पर्यंत उतरवलं की चेहऱ्यावरचा फ्लॅश आहे तेवढाच राहतो आणि मागे खिडकीचा उजेड भरू लागतो. मुलांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो तो इथे. फ्लॅश चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत फ्लॅशपासून तीन मीटरवर असेल, तर भिंतीला प्रकाशाचा नववा हिस्सा मिळतो आणि पांढरी भिंत गडद राखाडी दिसते. वेगळा पडदा विकत घ्यायची गरजच नाही. एक फ्लॅश, एक ट्रिगर, एक स्टँड, एक अंब्रेला. याहून जास्त सामान पहिल्या वर्षी जो घ्यायला लावतो, तो दुकानदार आहे, शिक्षक नव्हे.

"मी फक्त नॅचरल लाइटमध्येच काम करतो," असं अभिमानानं सांगणारेही पुष्कळ भेटतात. खिडकीचा उजेड सुंदरच असतो, मीही वापरते. पण रात्री नऊचं रिसेप्शन आणि हॉलच्या छतावर हिरवट ट्यूबलाइट असताना तुमचं तत्त्व त्या नवरीच्या काय उपयोगाचं? फ्लॅश येत नसेल तर ते काम घेऊ नका.

स्थळासाठीचे फोटो काढायला माझ्याकडे मुली येतात, बरोबर आई किंवा मावशी असते. "ताई, जरा उजळ करून द्या हं." मुलगी समोरच बसलेली असते, सगळं ऐकत असते. मी तिचा रंग बदलत नाही. अंब्रेला जवळ ओढते, दुसऱ्या बाजूला थर्मोकोल धरते, फोटो काढते आणि स्क्रीन आधी मुलीकडे वळवते. बहुतेक आया तो फोटो बघून गप्प होतात; काही उठून दुसऱ्या स्टुडिओत जातात, आणि खुशाल जावं. पण रंग उजळून देण्याचे वेगळे पैसे जे स्टुडिओ रेटकार्डावर छापतात, तिथे मी माझा एकही विद्यार्थी कामाला पाठवत नाही.