दगड उतरवा, पण पत्रे आवळून द्या



भूकंपाच्या सौम्य धक्क्यांचा बाऊ करू नये, हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. आमच्या भागात २१ मार्च २०२४ च्या सकाळी काही मिनिटांत ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, १० जुलैला पुन्हा. नांदेड, परभणीतही ते जाणवले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेत तर जमिनीतून वर्षानुवर्षे आवाज येतात.

वाऱ्याने उडू नयेत म्हणून आमच्याकडे छपराच्या पत्र्यांवर दगड ठेवतात. हादऱ्यात तेच निजलेल्या लेकराच्या अंगावर पडू शकतात. ते काढा, हे प्रशासनाचे आवाहन योग्यच. पण वादळात पत्रे उडाले तर गरिबाने करायचे काय? धोका भिंतींचाही आहे: १९९३ च्या भूकंपात किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीच माणसे गाडली. पत्रे हुकांनी आवळायला आणि अशा भिंती तपासायला शासनाने ग्रामपंचायतींना निधी द्यावा.

– एक वाचक, कळमनुरी